नानांचा डावा हात

पौष महिना मी निवडला नव्हता, तो बॅन्डवाल्यांनी निवडला. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे खानदेशातले वाजवणारे हात एकदाचे रिकामे सापडतात. सत्कार नानांचा होता, धुळ्याला. नाना म्हणजे धुळ्याचे बॅन्डमास्तर. वराती वाजवून उरलेल्या वेळात त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये आम्हा पोरांना शिकवलं आणि त्यातून चाळीसेक जणांचा वाद्यवृंद उभा केला. व्हायोलिन मी त्यांच्याकडेच शिकले, हाताच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवायलाही तिथेच शिकले. आता पुण्यात तेच करते आणि लोक मला मोठी म्हणतात. नानांनी बांधलेली धून या कार्यक्रमात मी चालवावी असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मला मात्र नानांची माफी मागायची होती. त्यासाठीच मी गाडीत बसले.

सकाळी जळगावला उतरले. नानांच्या वाद्यवृंदातले क्लॅरिनेटवाले सलीमभाई मफलर गुंडाळून फलाटावर उभे होते. त्यांच्या घरी भाभींनी हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) वाढली. भरीत इतकं तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. बरंच झालं, पुढे ते कामाला आलं.

कारण जेवताना सलीमभाईंनी नानांची नोटेशनची वही पुढे ठेवली. शेवटच्या पानावर माझ्या मुलाखतीचं कात्रण चिकटवलेलं होतं.

ती मुलाखत मला पाठ आहे. तीत माझ्या सगळ्या गुरूंची नावं आहेत, नाना नाहीत. नाव टाळण्याची सुरुवात आधीच झाली होती. पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या हातातली वाद्यवृंद चालवायची छडी बघून तिथल्या सरांनी विचारलं, "छडी डाव्या हातात? हे कुणी शिकवलं?" नाना उजव्या हाताने कॉर्नेट (छोटं ट्रम्पेट) वाजवायचे आणि डाव्या हाताने सगळ्यांना चालवायचे. वरातीत मास्तरला दोन्ही करावं लागतं. पण वरातीचं नाव काढायची मला लाज वाटली. "कुणी नाही, सवय लागली," असं म्हणून मोकळी झाले आणि छडी उजव्या हातात घेतली.

"नानांनी वाचलं होतं हे?" मी विचारलं.

"मीच वाचून दाखवलं, ताई. त्यांना चष्मा सापडत नव्हता."

"काय म्हणाले?"

"डिंक मागितला."

मग सलीमभाई हळूच म्हणाले, "आता ते माणूस ओळखत नाहीत. वर्ष झालं. एखाद्या दिवशी ओळखतात, पण भरवसा नाही." तो एखादा दिवस आजचाच असावा, असं मी मनात घोकत सलीमभाईंबरोबर धुळ्याच्या एसटीत चढले.

पारोळ्याच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या टपरीवर एक अक्का चहा उकळत होत्या. क्लॅरिनेटची पेटी बघून त्यांनी विचारलं, "धुयाले जाई राहिनात का? नानास्ना कार्यक्रमले?" (धुळ्याला, नानांच्या कार्यक्रमाला चाललात का?) मी मान हलवली. "मना लगीनमा त्यास्नाच बॅन्ड व्हता. बठ्ठं गाव नाचनं व्हतं." (माझ्या लग्नात त्यांचाच बॅन्ड होता. सगळं गाव नाचलं होतं.) त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

धुळ्याला पोहोचलो तेव्हा हॉल भरलेला होता. तालमीला वेळच उरला नव्हता. पहिल्या रांगेत नाना बसले होते. जुना सोनेरी बटणांचा कोट आता अंगावर लोंबत होता. मी पाया पडले, नाव सांगितलं. "सुखी ऱ्हाय, माय," ते म्हणाले. पुढच्या दोघांनाही त्यांनी तेच, त्याच आवाजात म्हटलं.

स्टेजवर जाऊन मी छडी उचलली, इशारा दिला. कुणीच वाजवलं नाही. पुन्हा इशारा दिला. चाळीस माणसं वाद्यं तोंडाला, खांद्याला लावून तयार होती आणि माझ्या खाली लोंबणाऱ्या डाव्या हाताकडे बघत होती. नानांच्या हाताखाली जन्म काढलेल्यांना उजव्या हाताचा इशारा दिसतच नव्हता. मान खाली घालून मी छडी डाव्या हातात घेतली. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि धून सुरू झाली. माझा हात अवघडला होता. मधे मी चुकले, तर कॉर्नेटवाल्यांनी मला सांभाळून घेतलं.

खाली उतरले तर नानांनी खुणेने जवळ बोलावलं. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"हाऊ डावा हात तुले कोनी शिकाडा, माय?"

"नानांनी."

"कोनता नाना?"

सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोलले. "धुळ्याचे बॅन्डमास्तर. माझे पहिले गुरू. मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. चुकलं माझं."

नाना माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "भला मानूस व्हई तो." (भला माणूस असेल तो.)

निघताना सलीमभाईंनी वही माझ्याच पिशवीत घातली. परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं, जे बोलायचं होतं ते एकदाचं बोलले, पण ज्यांच्यासाठी बोलले ते ऐकायला उरले नव्हते. चाळीसगाव गेल्यावर मी वही उघडली आणि ते कात्रण नखाने सोडवायला लागले. एक कोपराही उचलला नाही. नानांनी चारही कडांना डिंक अगदी नीट लावला होता.