वरच्या खोलीतलं मशीन

आत्याच्या माडीवरच्या भाडेकरूला हाकलायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात भांडायला दुसरं कुणी लायकच नाही. आत्या मला मिरची म्हणते ते काही उगाच नाही. शिवाय मी वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट. नोटीस कशी लिहायची ते मी झोपेतही सांगेन.

भाडेकरू म्हणजे टेलरकाका. सात महिने भाड्याचं नाव नाही. एकेकाळी हा एकटा माणूस दोन शाळांचे गणवेश शिवायचा. मग शाळांनी तयार कपडे घ्यायला सुरुवात केली आणि काकांच्या वाट्याला उरलं उसवलेलं शिवणं, चेन बदलणं. माणूस तसा गरीब गाय. जिन्यात भेटला तर भिंतीला चिकटून वाट देणार. पण गाय गरीब आहे म्हणून गोठा काय फुकट द्यायचा?

"भाडं दिलं का गं त्यांनी?" असं आत्याला विचारावं, तर ती म्हणणार, "त्याच्याकडे माझं काही निघत नाही."

"अगं आत्या, सात महिने झाले!"

"झाले असतील. तू बस आधी. आल्या आल्या तडतडू नकोस."

आत्याचं वय झालं, असं मी धरून चालले. तिची पेन्शन औषधांतच जाते, वरचा खर्च मी भागवते. माझा पगार तो केवढा! त्यात ती अशी उदार. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्या तर आमच्या आत्यानं.

चौतीस वर्षं तिनं हॉस्पिटलात नर्सचं काम केलं, बहुतेक रात्रपाळीच. निवृत्त झाली आणि झोपच उडाली. घर शांत झालं की हिचे कान टवकारलेले, आत्ता कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारेल. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. झोप लागायची ती फक्त दुपारी, दोन ते चार, वर काकांचं मशीन सुरू झालं की.

"कुणीतरी जागं आहे, कामाला आहे, हे कानावर असलं की मला झोपायला हरकत नसते," ती म्हणायची.

"मग रेडिओ लाव."

"रेडिओला माझं काय पडलंय?"

पोस्टानं तीन नोटिसा पाठवल्या. उत्तर नाही. मग म्हटलं, आपणच जावं. दोनदा गेले आणि दोन्ही वेळा फजिती झाली. दुपारी पोचायचे, आत्या पलंगावर, पडद्यातून गाळून आलेला पिवळट उजेड तिच्या पायांवर. वर मशीन चालू. खर्रर्र, जरा थांबायचं, पुन्हा खर्रर्र. पाणी पिऊन वर जाऊ म्हणून मी खुर्चीत टेकायचे. मग भिंती जरा लांब जायच्या, छत खाली यायचं आणि कुणीतरी एक लांबलचक टीप घालत भिंतीला छत जोडायचं, छताला आभाळ, आभाळाला माझी आई, जी जाऊन नऊ वर्षं झाली. ती त्या शिवणीवरून चालत यायची आणि माझी वेणी सोडायची. जाग यायची तेव्हा साडेचार झालेले असायचे. आत्या चहा घेऊन उभी, आणि माझा राग बशीत सांडून गेलेला. तसंच परत यायचे.

तिसऱ्या वेळी मात्र टेकायचंच नाही असं ठरवून गेले. नवीन भाडेकरू तयार होते, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, अनामत हातात घेऊन. त्यांना उद्यापर्यंत उत्तर हवं होतं. पर्समध्ये चौथी नोटीस. आत्या गाढ झोपली होती. मी तिच्याकडे न बघता सरळ जिना चढले.

दार लोटलेलं होतं. काका पाठमोरे, पाय पायट्यावर, चाक फिरतंय. मी जवळ गेले आणि बघतच राहिले. मशीनवर रीळ नव्हतं. सुईत दोरा नव्हता. सुईखाली कापडही नव्हतं, नुसता कागद सरकत होता.

मला बघून ते दचकले. मशीन थांबलं. खाली पलंग कुरकुरला. काकांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "एक मिनिट हं, ताई," म्हणून पुन्हा पाय मारायला लागले.

"काका, दोरा कुठाय?"

"दोरा कशाला? शिवायला काहीच नाही. चार महिन्यांत एक पडदा आला."

"मग हे काय चाललंय?"

"सिस्टरबाई झोपल्यात ना," ते म्हणाले. मग कागद सरळ करत, "मागे एक दिवस बंद ठेवलं होतं. संध्याकाळी त्यांचा चेहरा बघवेना. तेव्हापासून रोज दोन तास चालवतो. भाडं तर देता येत नाही मला. सुईखाली काही नसलं की मशीनचे कापड सरकवणारे दाते झिजतात, म्हणून कागद घालतो."

मी वाकून कागद पाहिला. माझीच नोटीस होती. बाकीच्या दोन बाजूला नीट घडी करून ठेवलेल्या. त्यातली एक उचलून खिडकीशी धरली. 'सात दिवसांच्या आत खोली रिकामी करावी' या ओळीतून, वरून, खालून, बारीक भोकांच्या सरळ रांगा गेल्या होत्या आणि प्रत्येक भोकातून ऊन येत होतं.

"रागावू नका, ताई. तुमचा कागद चांगला जाड असतो."

मला रडू आलं. मिरचीला! आणि लाज वाटली ती वेगळीच. आत्याला सगळं माहीत होतं आणि मी तिचं वय काढत बसले होते.

"आमच्या साहेबांच्या काळ्या कोटाचं अस्तर महिनाभर लोंबतंय," मी कसंबसं म्हटलं. "ऑफिसात असे सहा कोट आहेत. सोमवारी आणून टाकते. त्या कामाला दोरा लागेल."

काकांनी मान हलवली, पण पाय थांबवला नाही. सुईखालचा कागद संपत आला होता. मी पर्स उघडली, चौथी नोटीस काढली, घडी मोडून त्यांच्या हातात दिली.

"चालवा," मी म्हटलं. "चार वाजायला अजून वेळ आहे."