अक्काचे दात आणि सातचा पाढा

अक्का आज सकाळी गेली, तेव्हा तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

हे मी इथं लिहिलंय, हे तिला अजिबात आवडलं नसतं. तरी लिहिते. कारण आजवर ज्यांनी ज्यांनी मला "मेडिकल हुकलं काय गं?" असं विचारलंय, त्यांना आज खरं उत्तर द्यायचंय.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या. अप्पा अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. लग्न केलं नाही. इकडं कानडी मुलखात, मळमड्डीत आमच्या घरीच राहिली आणि मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवत राहिली.

तिला मिश्रीची सवय. मिश्रीनं दात घट्ट राहतात, यावर गाढ विश्वास.

दात हलायला लागले, तर बाईंनी मिश्री वाढवली.

मग एकेक करत सगळेच गेले.

हुबळीहून कवळी करून आणली. ती बोलताना टकटक वाजायची. एकदा वर्गात पाढे सांगताना खालची कवळी सुटून टेबलावर पडली. पोरं हसली. पोरंच ती, हसणारच.

घरी येऊन तिनं कवळी स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा कपाटात ठेवून दिला.

त्यानंतर अक्का तोंडाला पदर लावूनच बोलायची. पाढे फळ्यावर लिहायची, म्हणायचं काम पोरांचं. लग्नाकार्याला जाणं बंद. जेवायची तीही स्वयंपाकघरात, दुधात भाकरी कुस्करून, आमच्याकडे पाठ करून.

मी तेव्हा शाळेत होते. ती पाठ मला सहन व्हायची नाही.

न वाजणारी कवळी कुणीतरी हिला करून द्यायला पाहिजे, एवढंच डोक्यात असायचं. ते कुणीतरी म्हणजे मीच, हे बारावीनंतर ठरलं.

मार्क एमबीबीएसला पुरत होते. मी बीडीएसचा फॉर्म भरला आणि अप्पांनी बोलणंच टाकलं. बोलले तेव्हा एवढंच,

"दातं उपटायला एवढं शिकवलो काय तुला?"

नातेवाइकांना मात्र ते सांगायचे, मेडिकल थोडक्यात हुकलं. मी कधी खोडून काढलं नाही. अक्का तिथंच पदर लावून बसलेली असायची. तिच्यासमोर खरं कारण कसं सांगणार?

कॉलेजात कवळ्या करायला शिकले, तेव्हा पहिली तिच्याच मागे लागले.

"साकु गं पुट्टी, पुरे. आता कुणाला दाखवायचेत दात?"

पुट्टी म्हणजे कानडीत छोटी पोर, ती मला कायम तेच म्हणायची. शेवटी सरांची परवानगी काढून, ओपीडी रिकामी झाल्यावर तिला नेलं.

कवळी पक्की करायच्या आधी मेणात दात बसवून ट्रायल घेतात. उच्चार नीट येतात का बघायला आम्ही पेशंटला इंग्रजी आकडे म्हणायला लावतो.

"अक्का, सिक्स्टी वन, सिक्स्टी टू, असं म्हण."

"इंग्रजी कशाला? सातचा पाढा म्हणते की."

सात एके सात. सात दुणे चौदा. सात सक्क बेचाळीस.

स कुठं शिटी मारतोय, त कुठं अडतोय, सगळं त्यात ऐकू आलं. समोरचे दात मी जरा मागे घेतले. पुन्हा पाढा. पुन्हा जरासे मागे.

कवळी तयार होऊन बसली त्या दिवशी ती सात दाही सत्तरपर्यंत खणखणीत म्हणाली. पदर खांद्यावर होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, आणि मी हात धुवायला म्हणून बेसिनपाशी जाऊन रडले.

माझ्या क्लिनिकमध्ये मराठी पेशंट अजून सातचाच पाढा म्हणतात.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हा नियम तिला मीच घालून दिला होता. तिनं तो कधी मोडला नाही. त्यामुळे आज सकाळी अक्का अंथरुणात शांत, गाल आत गेलेले, आणि कवळी खिडकीतल्या वाटीत.

माणसं जमायला लागली. शेजारच्या काकू तिच्या तोंडावर पदर ओढायला लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि कवळी धुऊन आणली. अजून जबडा सैल होता, थोड्या वेळानं आवळला असता.

गल्लीतले एक आजोबा म्हणाले, "चष्मा काढलाय, बांगड्या काढल्यात. वरची वस्तू अंगावर ठेवत नाहीत बाळ."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, रीतच आहे तशी. पण मी कवळी हातात घेऊन तिच्या उशाशीच उभी राहिले.

भिंतीला टेकून बसलेले अप्पा म्हणाले,

"इरली बिड्री, असू द्या. लावू द्या तिला."

मग माझ्याकडे न बघता,

"त्याच्यासाठीच शिकली ती."

म्हणजे अप्पांना माहीत होतं.

मी कवळी बसवली. गाल भरले, ओठ नीट मिटले. पदर खांद्यावर सारखा केला.

अक्काला उघड्या चेहऱ्यानं नेलं.

जा अक्का. तिकडं कुणी भेटलं तर तोंड झाकू नकोस. तुझ्या पुट्टीचा भरल्या मनानं नमस्कार.