अकोल्याचा कूलर

बोईसरमध्ये खोली बघायला गेलात तर भाडं नंतर विचारा, आधी युनिटचा भाव विचारा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही अकोल्याहून आलो, आणि भाडं ऐकून दोघंही मनातल्या मनात खूश झालो. मोठं मीटर घरमालकिणीच्या नावावर असतं आणि ओळीतल्या प्रत्येक खोलीच्या दाराशी एक छोटं मीटर टांगलेलं असतं, हे पहिलं बिल हातात पडल्यावर कळलं. बोर्ड जो भाव लावतं त्यावर मालकीण आपले चार पैसे चढवते. पाण्याच्या मोटारीची वीज सगळ्या खोल्यांत वाटली जाते. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी, आणि बोअरचं पाणी मचूळ म्हणून प्यायच्या पाण्याचे जार वेगळे. पलीकडे तारापूरला रात्रंदिवस वीज तयार होते आणि आम्ही इथे दिवे विझवत फिरतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या ओळीत येऊन बघावा.

घरमालकिणीला आम्ही सगळे भाडेकरू काकी म्हणतो. उमरोळीकडे त्यांची चिकूची वाडी आहे आणि त्या स्वतः आमच्या खोल्यांच्या मागच्या घरात राहतात. मधल्या अंगणात एक नळ आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. काकी मनाने वाईट नाहीत, पण तो नळ कुणी किती सोडला हे त्यांना घरात भाजी चिरताना कळतं.

आई गेल्यावर बाबा अकोल्याला एकटे राहत होते. मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीत घसरून पडले, उठता येईना, आणि सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा शेजारच्यांना कळलं. मला ही गोष्ट त्यांनी आठवड्याने फोनवर सांगितली, तीसुद्धा हसत हसत. माझं डोकं असं फिरलं की मी फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं, बाबांना इथे आणायचं आणि परत जाऊ द्यायचं नाही. मी त्यांची एकुलती एक. पण आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरी मुक्काम करायला कचरतात. जावयाच्या घरी चार दिवस गोड, पाचव्या दिवशी पिशवी भरायची, ही त्यांची रीत. "लेकीच्या घरी किती दिवस राहाचं बाई? लोक काय म्हणतीन?" हे पालुपद मी महिनाभर ऐकलं. शेवटी ते म्हणाले, "एक उन्हाळा येतो. मंग पाहू."

ते यायच्या आधी त्यांचा कूलर आला. ट्रान्सपोर्टच्या टेंपोतून, गोणपाटात बांधून. लोखंडी, हिरव्या रंगाचा, आमच्या अकोल्याच्या घराच्या खिडकीत मी लहानपणापासून पाहिलेला. ज्याने वऱ्हाडातला उन्हाळा काढला नाही त्याला कूलर म्हणजे काय ते कळणार नाही. होळी झाली की तो माळ्यावरून उतरवायचा, घासायचा, रंगवायचा, त्याच्या तीन बाजूंच्या जाळ्यांत वाळ्याचं गवत भरून सुतळीने शिवायचं. या गवत भरलेल्या जाळ्यांना आम्ही ताट्या म्हणतो. आत पंप असतो, तो ताट्यांवर पाणी सोडत राहतो आणि पंखा त्यांच्यातून हवा ओढून घरात फेकतो. ताट्या शिवायचं काम आईचं. या ताट्याही तिनेच शिवलेल्या, शेवटच्या उन्हाळ्यात.

काकी तो बघायला आल्या. त्यांनी पंखा पाहिला, पंप पाहिला, टाकी पाहिली. "हा पानी पन पितो आनि लाइट पन खातो?" त्या म्हणाल्या. "बाय, आमच्याकडं हा चालायचा नाय. इथं हवाच ओली हाय." बाबा त्याच सकाळी पोचले होते. त्यांनी काकींकडे असं बघितलं की जणू कुणी त्यांच्या घराण्याला नावं ठेवली. "कूलर नाही तं उन्हाळा कसा काढता तुम्ही?" त्यांनी विचारलं. "घाम पुसतो," काकी म्हणाल्या आणि गेल्या.

खरं काकींचंच होतं, पण बाबांसमोर मी ते कसं मान्य करणार? अकोल्याला हवा कोरडी ठणठणीत, तिथे ओल्या ताटीतून आलेला वारा गारेगार लागतो. इथे हवेतच एवढं पाणी की कूलर त्यात आणखी पाणी मिसळतो, एवढंच. चार दिवसांत गादी दमट झाली. मीठ बरणीला चिकटलं. आईच्या हातचे उरलेले शेवटचे उडदाचे पापड मी जपून ठेवले होते, ते लिबलिबीत झाले. आगकाडी पेटेना. आणि बाबा कूलरसमोर बनियन अंगाला चिकटलेलं, कपाळावरून धारा वाहत असलेले, असे बसून म्हणायचे, "मस्त थंडं वाटते." मी दात आवळून पोळ्या लाटायची.

बंद करा म्हणायची माझी हिंमत नव्हती. कूलर बंद तर बाबा अकोल्याला, हे मला लख्ख दिसत होतं. एसी लावावा तर काकींची वायर त्याला पुरत नाही, तसं त्यांनी खोली देतानाच बजावलं होतं. मग महिन्याचं बिल आलं. नवऱ्याने ते वाचलं, घडी घातली आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिवसा फ्रीज बंद ठेवायला लागलो, इस्त्री कपाटात गेली, आणि तो कंपनीतून चुरगळलेला शर्ट घालून यायचा तसाच घालून जायलाही लागला. बाबांना हे दिसू नये म्हणून आमची धडपड. आंधळी कोशिंबीर नुसती.

व्हायचं ते झालंच. एके दुपारी मी कामावरून, शिवणाच्या दुकानातून, परत येऊन बाबांसाठी चहा ठेवला आणि दूध फाटलं. बंद फ्रीजमधलं दूध, ते तरी काय करणार? पण माझा ताबा सुटला. मी म्हणाले, "बाबा, त्याने गार होत नाही हो. तुम्ही वाफेत बसलाय, वाफेत. तुमच्या त्या डब्यापायी आम्ही फ्रीज बंद करून बसलोय आणि तुम्ही म्हणताय मस्त थंड." बोलून गेले आणि तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. बाबांनी उठून कूलरचं बटण बंद केलं. पंखा थांबेपर्यंत ते तिथेच उभे होते. "जावईबापूले सांग, माह्यं तिकीट काढा म्हणा," ते म्हणाले. "कूलर मीच बांधून घेतो."

मी रडले, समजावलं, भांडलेही. नवऱ्यानेही त्यांच्यासमोर बसून सांगितलं की बिलाचं काही वाटून घेऊ नका. बाबा आमच्या दोघांपेक्षा गोड आवाजात नाही म्हणत होते, आणि गोड आवाजात नाही म्हणणाऱ्या माणसापुढे कुणाचं काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कूलर उघडला. अकोल्यात मृग लागला की जसं करतात तसं, पद्धतशीर. टाकी उपसली, पंप पुसला, ताट्या काढून धुतल्या आणि अंगणातल्या दोरीवर लटकवल्या. "या वाळल्या की बांधतो आन् निघतो," ते म्हणाले. "ओल्या बांधल्या तं सडतात. तुह्या मायनं कधी ओल्या बांधल्या नाहीत." तिकीटही ताट्या वाळल्यावरच काढायचं ठरलं. मी मान हलवली. अकोल्याच्या मे महिन्यात ताटी दोन तासांत कडकडीत होते. इथेही ऊन आहेच, फार तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लागलं असतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रेल्वे फाटकापर्यंत फिरायला गेले आणि मी अंगणात जाऊन ताट्यांना हात लावला. कोरड्या होत आल्या होत्या. मी इकडेतिकडे बघितलं, नळाखाली तांब्या भरला आणि तिन्ही ताट्यांवर नीट, आत मुरेल असा ओतला. मग घरात येऊन पोहे केले. बाबा परत आले, त्यांनी ताटी चाचपली आणि म्हणाले, "इथं तं काही वाळतच नाही बाई." "हवा दमट ना बाबा," मी म्हणाले.

हा माझा रोजचा नेम झाला. बाबा फिरायला, मी तांब्या घेऊन अंगणात. मधल्या काळात एक बरं झालं. ताट्यांशिवाय, पाण्याशिवाय कूलरचा नुसता पंखा लावून बघायची बुद्धी नवऱ्याला झाली. तीन बाजू मोकळ्या आणि पंखा चांगला दांडगा, त्यामुळे खोलीभर असा वारा सुटला की कॅलेंडर फडफडायला लागलं. बाबा त्या वाऱ्यात दुपारी घोरत पडायचे. फ्रीज सुरू झाला, इस्त्री कपाटाबाहेर आली. पण जायचं म्हटलेलं बाबांनी मागे घेतलं नव्हतं. रोज जेवताना एकदा तरी निघायचं, "आज-उद्याले वाळतीनच त्या." मी भात वाढत राहायची. ही युक्ती किती दिवस चालणार हे मलाही माहीत नव्हतं. एक दिवस मी उशिरा उठले तर संपलं सगळं.

आणि तसंच झालं. मला ताप आला आणि दोन सकाळी मी अंथरुणातून उठलेच नाही. पडल्यापडल्या एकच विचार, आता वाळल्या असणार. तिसऱ्या दिवशी दुपारी बरं वाटलं तशी उठून धावतच अंगणात गेले. ताट्यांना हात लावला. ओल्याचिंब. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं.

काकी ओट्यावर बसून मासळी साफ करत होत्या. "बाय, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमी हे गवत वाळवता की पिकवता?"

मी ताटीवरचा हात काढून पदराला पुसला.

"सकाळी तू तांब्या ओततेस, ते मी बघते. म्हटलं जाऊ दे, पोरीचं काय तरी आसेल. पन दुपारी तू शिवणाच्या दुकानात गेलीस का तुझा बाबा बादली घेऊन येतो. भरलेली बादली. पहिल्या दिसापासून. हे टँकरचं पानी हाय, काय समजलीस?"

पहिल्या दिवसापासून. म्हणजे मी तांब्या ओतायला लागले त्याच दिवसापासून. मी ज्यांना थांबवायला तांब्या भरत होते ते थांबायला बादली भरत होते, आणि जेवायला बसल्यावर दोघंही हवेला नावं ठेवत होतो. राहू का, एवढं माझ्या बापाला लेकीला विचारता आलं नाही. आणि विचारायची गरज पडू नये, एवढं मलाही करता आलं नाही.

"बादलीचे पैसे माझ्या बिलात लावा काकी," मी म्हणाले.

"ते तर लावनारच," काकी म्हणाल्या.

बाबांना मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी ते अंगणात आले, तिन्ही ताट्या एकेक करून चाचपल्या, बोटं धोतराला पुसली.

"अजून ओल्याच हायेत," ते म्हणाले.

"ओल्या बांधून नाही ना चालत," मी म्हणाले.

"नाही चालत," बाबा म्हणाले. त्यांनी दोरीवरची एक ताटी नीट सरळ केली. "मंग काय करता. राह्यतो."