गेटवरचा फोटो
कुठं रॉकेलचा वास आला की मला विमानतळाचं ते मागचं गेट आठवतं, जिथून चाकणच्या कंपन्यांचा माल आत जातो, नवरा तिथं खोकी चढवायचा. विमानाच्या तेलाचा वासबी रॉकेलवानीच यायचा. विमानतळ पब्लिकचा आणि सैन्याचाबी, म्हणून लई कडक. त्या दुपारी नवरा डबा घरीच विसरला, मी पोरीला कडेवर घेऊन द्यायला गेले. जाळीपल्याड विमान उभं व्हतं. मला वाटलं, गावाकडं सासूबाईंना पोरीचा विमानासंगं फोटो धाडावा, आणि काढला. लगेच एक जवान धावत आला, मोबाईल हिसकावला. "फोटो क्यों निकाला? किसके पास आई हो?" नाव सांगितलं तर नवऱ्याचा आत जायचा पास जाणार, पास गेला की काम गेलं. मी म्हणले, "कुणाकडं न्हाई साहेब, पोरगी रडत व्हती, विमान दाखवाया आले." तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीत नवराच बाहेर आला आणि पोरगी त्याच्याकडं झेपावून ओरडली, "पप्पा! पप्पा!" जवानानं त्याला विचारलं, "तेरी बच्ची है क्या?" त्यानं जवानाच्या हातातला मोबाईल बघितला, माझं तोंड बघितलं. "नहीं साब, छोटे बच्चे किसीको भी बोलते हैं," म्हणला आणि टपरीकडं चालत गेला. पोरगी त्याच्या पाठीकडं हात करून रडत राहिली. जवानानं फोटो पुसला, मला हाकललं. घरी आल्यावर हा म्हणला, "काम वाचलं बघ." वाचलं खरं. पण अजूनबी पोरगी रस्त्यात पप्पा म्हणून ओरडली, की माझा हात आधी तिच्या तोंडावर जातो.