पुस्तकातली हाक, पडद्यावरची हाक

माझ्या बाबांचा भुतांवर काडीचा विश्वास नाही आणि भुताची कादंबरी दिसली की ती वाचल्याशिवाय त्यांना करमत नाही. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव, भुतं, अंगारे-धुपारे सगळं एकदमच घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. बाबा घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला होते, त्यातली बरीच वर्षं अंडरग्राउंड. ड्यूटीवरून आले की आंघोळ, जेवण आणि मग उशाला टेकून पुस्तक. आई दर चार दिवसांनी विचारायची, "मानत नाई तं वाचता कायले?"

"मानत नाई म्हणूनच तं वाचतो. मानलं असतं तं एक पान उलटवलं नसतं."

त्यांची सगळ्यात लाडकी कादंबरी चंद्रपूरला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली होती. कव्हर नव्हतं, पहिली दोन पानंही नव्हती, म्हणजे गोष्ट सुरू व्हायची ती थेट एका वाक्याच्या मधूनच. मी सातवीत असताना बाबांनी ती मला रविवारच्या दुपारी मोठ्यानं वाचून दाखवली. जंगलातल्या एका नाक्यावर एक वनरक्षक एकटा राहतो. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. उन्हाळा. रोज भर दुपारी, सगळं चिडीचूप असताना, जंगलातून त्याला बायकोच्या आवाजात हाक येते. जवळच्या पाड्यावरची माणसं त्याला सांगतात की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ती जी कोण आहे ती एकदाच हाक मारते. माणूस असेल तर दुसऱ्यांदा मारेल. बस, एवढंच. ती कोण, कशी दिसते, शेवटपर्यंत लेखकानं सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भावाची मुलगी सुट्टीला घुग्घुसला आली. मी गोंडपिपरी तालुक्यात शिक्षिका आहे, माझीही सुट्टी होती. भाची आठवी पास झालेली, इंग्रजी शाळेतली, सतत काही ना काही चित्र काढत बसणारी. तिनं आल्या आल्या बाबांच्या कपाटातलं ते बिनकव्हरचं पुस्तक चाळलं, पानांच्या माथ्यावर छापलेलं नाव वाचलं आणि ती ओरडली, "आजोबा! याचा तर पिक्चर आलाय! ॲनिमेशनचा. मी दोनदा पाहिला."

बाबा चष्मा कपाळावर सरकवून बघतच राहिले. "याचा? कार्टून?"

"कार्टून नाही हो, ॲनिमेशन. खूप मस्त आहे. पुस्तकापेक्षा भारी असेल."

"तू पुस्तक वाचलं?"

"नाही."

"मंग तुले कसं माहीत?"

"तुम्ही पिक्चर पाहिला?"

"नाई."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

आई भाजी निवडत होती. ती इतकी हसली की मेथीची काडी हातातच राहिली. शेवटी असं ठरलं की बाबांनी पिक्चर पाहायचा, पूर्ण, मध्ये न उठता. आणि भाचीनं पुस्तक ऐकायचं, पूर्ण, मध्ये मोबाइल न उघडता. ऐकायचं, कारण तिला मराठी वाचता यायचं पण एका पानाला पंधरा मिनिटं लागायची.

रविवारी सकाळी तर्रीपोहे खाऊन आम्ही टीव्हीसमोर बसलो. पहिल्याच मिनिटाला बाबा म्हणाले, "थांबव."

भाचीनं थांबवलं. पडद्यावर मोठा चंद्र होता आणि त्याच्याखाली निळं जंगल.

"गोष्ट दुपारची आहे. हे रात्री कायले नेली?"

"भीती वाटायला, आजोबा."

"अरे, रात्री तं कोणालेही भीती वाटते! त्यात काय डोकं लागते? दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात भेव लावून दाखवा म्हणा."

पुढे दर पाच मिनिटांनी "थांबव" येत होतं. वनरक्षकाचे बूट फार चकचकीत होते. त्याला पुस्तकात नसलेली एक गोड पोपटी रंगाची घूस दिली होती, ती त्याच्या खांद्यावर बसून विनोद करत होती. आणि मग ती आली, हाक मारणारी. लांबच लांब बोटं, पाण्यासारखे केस, दिव्यासारखे डोळे. भाची आमच्या चेहऱ्यांकडे बघत होती, आम्ही घाबरतो की नाही ते. बाबा शांतपणे म्हणाले, "हे तं मले दिसून राह्यलं. दिसलं का संपलं. आता मी पाह्यतो का तिनं नखं कापली का नाई."

भाची रागानं लाल झाली. पण तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. पिक्चरमध्ये त्या हाक मारणारीची एक जुनी गोष्ट दाखवली होती. ती एक लहान मुलगी असते, जंगलात चुकलेली, हाका मारत फिरते आणि कोणीच ओ देत नाही. ती चित्रं काय सुंदर काढली होती! वाऱ्यावर पान उडावं तशी ती मुलगी झाडांमधून जात होती, आणि तिच्या हाकेसरशी एकेका झाडाचा रंग उडत होता. आईनं पदर डोळ्यांना लावला. मीही ओढणीनं डोळे पुसले. बाबांच्या पुस्तकानं मला पुष्कळ घाबरवलं होतं, पण रडवलं नव्हतं.

मग तो प्रसंग आला. वनरक्षक कंदील घेऊन एका भुयारात शिरतो आणि कंदील विझतो. पडदा काळा. पूर्ण काळा. संगीत नाही, घूस नाही. फक्त माणसाचा श्वास. असं किती तरी वेळ चाललं. मला वाटलं टीव्ही बंद पडला. मी बाबांकडे पाहिलं. ते पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. त्या काळोखात मग अगदी जवळून, कानाशी बोलावं तशी, हाक आली.

आई दचकली. चहाचा कप कलंडला. बाबा हलले नाहीत.

पिक्चर संपल्यावर भाचीनं विचारलं, "मग?"

"तो अंधार," बाबा म्हणाले, "तो बरोबर आहे. अंडरग्राउंडमध्ये एकदा माझा टोपीवरचा दिवा गेला होता. बाजूचा माणूस पुढं निघून गेला होता. डोये उघडे आहेत का बंद, तेही समजत नाई. हात लावून पाहा लागते. पुस्तकात असं करता येत नाई. कागद तं पांढराच राह्यते."

ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. आईनं विचारलं, "मंग काय केलं तुमी?"

"उभा राह्यलो. तो वापस आला, त्यानं आवाज देल्ला."

"तुमी ओ देल्ली?"

"नाई तं काय! पहिल्याच हाकेले!"

सगळे हसलो, आणि भाचीनं एक गुण आपल्या बाजूला लिहून घेतला. ती खरंच वहीत लिहीत होती.

सोमवारपासून दुपारी पुस्तक सुरू झालं. जेवणं झाली की कूलर लावायचा, बाबा खाटेवर, आम्ही दोघी खाली चटईवर. पहिल्या दिवशी भाची जांभया देत होती. "आजोबा, वीस पानं झाली, अजून काहीच झालं नाही." बाबा पान उलटत राहिले. दुसऱ्या दिवशी ती चटईवरून थोडी खाटेकडे सरकली. तिसऱ्या दिवशी हाकेचं प्रकरण आलं. बाबा वाचतात चांगलं. आवाज चढवत नाहीत, उलट उतरवतात. बाहेर रस्त्यावर ट्रकही थांबल्यासारखे झाले होते, उन्हानं सगळं पांढरं पडलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी आई अंगणातून भाचीचं नाव घेऊन ओरडली, "आंब्याची टोपली धर वं!"

भाची माझ्याजवळ बसली होती. ती उठली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, आजी बोलावते आहे."

"दुसऱ्यांदा मारू दे," ती हळूच म्हणाली.

मी हसायला लागले. पण खरं सांगते, मीही उठले नाही. शेजारच्या खोलीत बाबा होते, त्यांनीही ऐकलं होतं. तेही गप्प. घरात तीन माणसं आणि कोणी ओ देईना. मग आई टोपली कमरेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली, घामानं थबथबलेली.

"बहिरे झाले का सगळे? गळा फाडून राह्यली मी!"

"आजी, तू एकदाच हाक मारलीस," भाची म्हणाली.

आईला सगळा प्रकार सांगितल्यावर तिनं टोपली खाली ठेवली आणि बाबांना म्हणाली, "लेकरू तं लेकरू, तुमाले काय झालं? तुमी तं मानत नाई ना?"

"मानत नाई," बाबा म्हणाले. "पण दुसऱ्या हाकेची वाट पाह्यली तं बिघडते काय?"

तेव्हापासून आई मुद्दाम दोन-दोन हाका मारायला लागली, लागोपाठ, श्वास न घेता.

त्याच आठवड्यात माझी मैत्रीण एक दिवस मुक्कामाला आली. ती माझ्याच शाळेत शिकवते, मूळची एटापल्ली तालुक्यातल्या जंगलगावची, घरी गोंडी बोलणारी. चंद्रपूरला तिचं प्रशिक्षण होतं. भाचीनं तिला लगेच साक्षीदार करून घेतलं आणि पिक्चरमधलं जंगल दाखवलं. वेली, शेवाळ, हिरवागार अंधार. मैत्रीण पाहत राहिली आणि मग विचारलं, "हे जंगल कोठचं आहे?"

"आपल्याच इकडचं. उन्हाळ्यातलं."

"उन्हाळ्यात? मग हिरवं कसं?" ती हसली. "आमच्याकडे तेव्हा सागाला पान राहत नाही. सगळं खाली. मोहा वेचायला गेलं की मुंगूस पळालं तरी माणूस आल्यासारखा आवाज होतो. चोरून कोणाला येताच येत नाही."

बाबा उठलेच. त्यांनी पुस्तक आणलं आणि पान काढून वाचलं. वनरक्षक दुपारी ओट्यावर बसलाय. चारी बाजूला वाळलेली पानं. हाक पहिल्या दिवशी लांबून येते, मग नाल्यापलीकडून, मग अगदी कुंपणापासून. आणि एकही पान वाजलेलं नसतं.

मैत्रिणीच्या हातावर काटा आला. तिनं बाही वर करून दाखवला सुद्धा. "काका, हे ज्यानं लिहिलं तो माणूस जंगलात राहिलेला आहे," ती बाबांना म्हणाली.

भाचीनं पिक्चरचा तोच प्रसंग पुन्हा लावला आणि जमिनीकडे बघत बसली. जमिनीवर मऊ गवत होतं. "यांनी पानंच काढली नाहीत," ती म्हणाली. थोड्या वेळानं वहीत बाबांच्या बाजूला एक गुण लिहिला, आणि मग खोडून दोन केले.

शेवटच्या प्रकरणावर मात्र भांडण झालं. पिक्चरमध्ये वनरक्षक त्या चुकलेल्या मुलीला घरी पोचवतो, घूस नाचते, सगळे सुखी. पुस्तकात तो बायकोचं पत्र वाचत ओट्यावर बसलेला असतो. हाक येते. एकदाच. आणि तो ओ देतो. तिथं पुस्तक संपतं.

"फसला बिचारा," भाची म्हणाली. "विसरला."

"विसरला नाई," बाबा म्हणाले. "त्याले पाहाचं होतं का ते हाय काय. हिंमत केली त्यानं."

मला लहानपणी वाटायचं की ती खरीच बायको असणार. मी तसं म्हटल्यावर दोघंही माझ्यावर तुटून पडले. आई दारात उभी होती. इतक्या वर्षांत हे पुस्तक आमच्या घरी कितीदा वाचलं गेलं, पण शेवटच्या पानाच्या वेळी ती नेमकी चहा टाकायला गेलेली असायची. आज पहिल्यांदाच तिनं शेवट ऐकला होता.

"त्याची बायको गेली त्याले किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

बाबांनी मागची पानं चाळली. "अडीच महिने."

"अडीच महिने माणूस एकटा. सैपाक एकटा, जेवण एकटा. भेव कायचं आणि हिंमत कायची! त्याले बोलाव वाटलं कोणाशी तरी, म्हणून देल्ली ओ." असं म्हणून ती चहा गाळायला आत गेली.

बाबांनी पुस्तक पुन्हा उघडलं, शेवटचं पान मनातल्या मनात वाचलं आणि नुसती मान हलवली. भाचीनं वही बंद केली. कोण जिंकलं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

सुट्टी संपल्यावर तिचा फोन आला की ती शाळेच्या लायब्ररीतून मराठी कादंबरी घेऊन आली आहे आणि आता एका पानाला पाच मिनिटं लागतात. इकडे बाबांनी टीव्ही लावायला शिकून घेतलं. परवा मी गेले तर ते एकटेच एका म्हाताऱ्याची आणि कुत्र्याची ॲनिमेशन फिल्म पाहत बसले होते, भुताचा काही संबंध नसलेली. मी बोलायला लागले तर हात वर करून मला गप्प केलं, आणि थांबवायचं कुठलं बटण ते विचारलंही नाही.