दुपारची मशीन लॅब

१४ जून. सकाळपासून पुढच्या सत्राचं वेळापत्रक करते आहे. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल विभागाचं हे काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. दुसरं कोणी घेत नाही.

माझी पद्धत ठरलेली. जिचं मूल लहान, तिला सकाळची थिअरी आणि पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग. मशीन लॅब, म्हणजे मोटर-जनरेटरची प्रयोगशाळा, तीन ते पाच चालते. ती पुरुषांना किंवा मला. माझा मुलगा लहान होता तेव्हा मी रोज अकोल्याहून रेल्वेने येऊन अमरावतीजवळ बडनेऱ्याला उतरायचे आणि लॅब आटोपून परतायचे. ते दुसऱ्या कोणाला नको, म्हणून हा नियम केला. बायका इथे का टिकतात असं कोणी विचारलं, की मी सांगायचे, घरी वेळेवर पोचता येतं.

अकराच्या सुमारास आमची तेल्हाऱ्याची कनिष्ठ सहकारी राजीनामा घेऊन आली. उद्या प्राचार्यांकडे द्यायचा होता, भाषा तपासून हवी होती. तिला नाशिकच्या एका कंपनीत मोटरी तपासण्याचं काम मिळालं होतं.

एक शब्द सुधारून मी विचारलं, "इथं काय कमी पडलं? चारला घरी असतेस."

"तेच तं. मॅडम, मशीन लॅब मले कावून नाही देत? तीन वर्षं झाली."

"तुझी पोरगी लहान आहे."

"मले कोणी इचारलं? तिले सासूबाई पाहतात. चारलेच घरी जायाचं असतं तं शाळेत लागली असती मी. एम.टेक. मशीनवर केलं, अन् पोरं म्हणतात, ह्या ड्रॉइंगवाल्या मॅडम."

"सांगायचं होतंस."

"तुमी एवढ्या मायेनं देता. नको कोण म्हणन तुमच्या तोंडावर?"

मी जुनी वेळापत्रकं काढून पाहिली. याआधी दोघी सोडून गेल्या होत्या. दोघींनाही मी कधी लॅब दिली नव्हती. जाताना त्यांनी घरगुती कारण लिहिलं, ते मी खरं धरलं. असेलही खरं. मी विचारलं नव्हतं.

"लॅब दिली तर थांबशील?"

"फलकावर नाव दिसू द्या, मंग सांगतो," म्हणाली आणि कागद पर्समध्ये घालून गेली.

१५ जून. सकाळी विभागप्रमुखांची सही घेऊन मी नवं वेळापत्रक फलकावर लावलं. तिच्या नावापुढे तिसऱ्या वर्षाची मशीन लॅब होती, माझ्या नावापुढे ड्रॉइंग. तिने ते दोनदा वाचलं, नाशिकला नकार कळवते म्हणाली आणि लॅबची किल्ली मागितली. किल्ली देऊन मी विभागातल्या इतर दोघींना दुपारची लॅब हवी का म्हणून विचारलं. एकीला हवी होती. दुसरी म्हणाली, "नको मॅडम, मले चारलेच जाऊ द्या." तिचं वेळापत्रक होतं तसंच ठेवलं.