कंडक्टर काकांचं चाक

"अजून जरासक."

हे दोन शब्द काकांच्या तोंडून मी किती वेळा ऐकले याला गणती नाही. ते अमरावती-अंजनगाव गाडीवर कंडक्टर होते, तेव्हा मी त्या गाडीने कॉलेजला जायचो. आत मुंगीला शिरायला जागा नसायची, दारात माणसं लोंबकळत असायची, आणि काका मागे पाहून शांतपणे म्हणायचे, "सरका भाऊ, अजून जरासक." माणसं सरकायची. कुठे सरकायची ते मला आजवर कळलेलं नाही. तुमच्याही गाडीवर असा एखादा कंडक्टर असेल. फक्त तुमचा कंडक्टर निवृत्त होऊन तुमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आला नसेल. माझा आला.

माझं औषधांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे गल्लीत कोणाला काय होतंय हे मला त्या माणसाच्या आधी कळतं. निवृत्तीनंतर काकांना काहीच झालं नव्हतं. तेच त्यांचं दुखणं होतं. सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे आणि गिऱ्हाइकांना रांगेत सरकवायचे.

मग एका उन्हाळ्यात ते अकोल्याहून, मुलीच्या घरून, मांडीवर एक खोकं घेऊन आले. खोक्यात विजेवर फिरणारं, पाटाएवढं कुंभाराचं चाक होतं. नातीसाठी आणलेलं, नातीचा उत्साह सुटी संपायच्या आत संपलेला. गल्लीचं एकमत झालं की म्हाताऱ्याला वेळ घालवायला खेळणं मिळालं. सुरुवातीला मीही त्या एकमतात होतो.

गुरू मोबाइलमध्ये होते, आणि तेही दोन. एक गोरी बाई, एक जपानी म्हातारा. माती चाकाच्या मधोमध बसवणं आणि भांडं वर उचलणं काका बाईकडून शिकले. भांडं थोडं वाळल्यावर चाकावर पालथं घालून त्याचं बूड तासायचं असतं, ते म्हाताऱ्याकडून. दोघंही आपापल्या ठिकाणी थोर होते. अडचण इतकीच की बाईचं चाक एका बाजूने फिरे आणि म्हाताऱ्याचं उलट्या बाजूने. काकांनी चाक बाईचं ठेवलं आणि हात म्हाताऱ्याचे. तासणी मातीला लागली की उडून अंगणात पडायची. आठवडाभर त्यांनी दोष तासणीला दिला. छत्रीची काडी वाकवून नवी केली, तीही उडाली.

शेवटी एकदा मीच दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवले. काका बराच वेळ पाहत राहिले. "म्हंजे थो म्हातारा उलटा हाय," ते म्हणाले, आणि त्याला गुरुपदावरून काढून टाकलं. त्यानंतर तासणंही बाईकडेच आलं.

बाई तासण्याआधी पालथ्या भांड्याच्या बुडावर बोटाने टकटक करायची, मान कलती करून ऐकायची आणि काहीतरी सांगायची. काकाही टकटक करायचे, मान कलती करून ऐकायचे. मी एकदा विचारलं, काय ऐकू येतं?

"आवाज."

"कसला?"

"थे बाई सांगते ना. पन इंग्रजीत सांगते."

व्हिडिओखाली हिंदीत अक्षरं उमटायची, पण ती यंत्राने केलेली. भांडं किती वाळलं म्हणजे तासायचं, यासाठी तिथे शब्द आला होता 'चमड़ा'. चामड्याइतकं घट्ट. काकांना हा शब्द एकदम पटला, कारण नोकरीतली चामड्याची पैशांची पिशवी त्यांनी जपून ठेवली होती. ती त्यांनी चाकाशेजारी आणून ठेवली. एक अंगठा पिशवीवर दाबायचा, एक भांड्यावर. दोन्ही सारखे दबले की तासायला बसायचं. पिशवी इतकी वर्षं घाम आणि चिल्लर खाऊन लाकडासारखी झाली होती, त्यामुळे भांडं तिच्याइतकं घट्ट होईस्तोवर ते तासण्यापलीकडे गेलेलं असायचं. हे त्यांना समजायला अर्धा उन्हाळा गेला.

उरलेला अर्धा उन्हाळा ऊन सांभाळण्यात गेला. बाई म्हणायची, भांडं झाकून ठेवा, उद्या तासा. बाईच्या देशात ते खरं असेल. आमच्याकडे मे महिन्यात ओलं धोतर वाळत घालून माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला पोचेतो ते वाळलेलं असतं. उद्यापर्यंत भांड्याचं खापर होई. काकांनी तोड काढली. घरातल्या एकुलत्या कूलरपुढे एक टेबल मांडलं आणि ओल्या गारव्यात भांड्यांची ओळ लावली. काकू टेबलाच्या मागे, जिथे हवा पोचत नव्हती तिथे, हातपंखा घेऊन बसल्या. मी गेलो की सांगायच्या, "मडक्यायले हवा हाय, भाऊ. मले काय, मी भाजलेली हाओ."

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता आणि ते गल्लीत फक्त मला माहीत होतं. काकूंना कंपवात झाला होता. गोळ्या माझ्याच दुकानातून जात. त्या गोळ्यांनी हातांची थरथर आटोक्यात होती, गेलेली नव्हती. काकू म्हणजे चहाबाज बाई. भजनी मंडळात त्या भजनासाठी जात की नंतरच्या चहासाठी, यावर मंडळात दोन तट होते. एका गुरुवारी मंडळातच त्यांच्या हातातला कप हिंदकळला आणि चहा शेजारणीच्या नव्या पातळावर गेला. कोणी काही बोललं नाही. काही बोललं नाही हेच त्यांना लागलं. त्यानंतर चहा पुढे आला की त्या म्हणायच्या, "आत्ताच झाला." मग मंडळात जाणंही बंद झालं. नळीचा प्लास्टिकचा पेला मुलीने आणून दिला, तो त्यांनी कपाटावर टाकला. लहान पोराच्या पेल्यातून प्यायची वेळ आली नाही म्हणाल्या.

काका मला म्हणाले होते, "तिले साऱ्याइच्या समोर चहा पेता आला पायजे. बाकी मले काई नाई करा लागत." त्यांचा तर्क सरळ होता. गाडीत भार जास्त झाला की गाडी डुलते. कपाचा भार हातावर येतो म्हणून हात डुलतो. तेव्हा कप हलका पाहिजे. काचेचा निसटतो, स्टीलचा भाजतो. मातीचा, पण कागदासारखा पातळ. दुकानात मिळत नाही तर आपण करू.

ज्या माणसाने सारा जन्म गाडीत भार घातला तो आता भार काढायला बसला होता, आणि शब्द तेच होते. बूड तासताना मातीची लांब साल निघायची, भोपळ्याची निघते तशी. काका हातात कप तोलून पाहत, पुन्हा पालथा घालत, म्हणत, "अजून जरासक." आणखी एक साल निघायची. पुन्हा तोलायचा. "अजून जरासक." गाडीतली माणसं सरकत होती, कारण माणसांना नाइलाज असतो. मातीला नसतो. तासणी आरपार जायची आणि कपाच्या बुडातून चाक दिसायचं.

फुटके कप ते टाकत नसत. बडनेऱ्याच्या बाजूला एक कुंभार होता, तो आपल्या माठांसोबत काकांचा मालही भाजून द्यायचा. त्याने बुडाला भोक असलेले इतके कप पाहिले की तो त्यांना कुंड्याच समजला आणि काकांनीही नाही म्हटलं नाही. कुंडीला भोक लागतंच. वर्षभरात गल्लीतल्या प्रत्येक कठड्यावर कपाएवढ्या कुंडीत सदाफुली डोलायला लागली. माझ्या दुकानाच्या काउंटरवर दोन होत्या. बाहेरचे लोक विचारायचे, हे सुंदर काम कोणाचं? काका खाली मान घालून म्हणायचे, शिकून राहिलो.

आणि मग एक दिवस जमलं. काकांनी तो कप रुमालात गुंडाळून आधी माझ्याकडे आणला. खरंच सांगतो, हातात घेतला तर हातात काही आहे असं वाटेना. उडदाच्या पापडाला कपाचा कान जोडला असता तर तो असा झाला असता. शटर अर्धं ओढून मी त्यांच्यासोबत गेलो.

काकूंनी चहा केला, त्या कपात ओतला. मी होतो म्हणून त्या आधी नको म्हणाल्या, पण काकांच्या तोंडाकडे पाहून त्यांनी कप उचलला. उचलला आणि हात असा उडाला की मी तसा कधी पाहिला नव्हता. अर्धा चहा भिंतीवर, अर्धा माझ्या शर्टावर. कप कुठे पडला ते कळलंही नाही, पडल्याचा आवाजसुद्धा हलकाच झाला.

काकू हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग आत गेल्या आणि वेलदोडे कुटायचा पितळेचा छोटा खल घेऊन आल्या. उरलेला चहा त्यात ओतला, दोन्ही हातांनी तो धरला आणि आमच्या देखत प्यायल्या. हात थरथरत होते, पण खल एवढा जड होता की थरथर त्याच्या खाली दबून गेली होती. थेंब सांडला नाही.

"हलकं हातात हाय का नाई तेच हाताले समजत नाई," त्या म्हणाल्या. "जड असलं का हात गपचाप बसते."

हे त्यांना कधीपासून माहीत होतं? काका कुंभाराकडे गेले की दुपारी त्या स्वयंपाकघरात एकट्या त्या खलातून चहा पीत होत्या. पहिल्या उन्हाळ्यापासून. खल घेऊन मंडळात जाता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

काका भिंतीवरचा ओघळ पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, "मंग सांगतलं काहून नाई?"

"उभी नोकरी गाडीवर काढली तुमी. सकाळी गेले का रातच्याले येऊन जेवून झोपत. आता कुठं घरात, माह्या समोर बसून राहिले होते. कायले सांगू?"

मला तिथून निघून जायला हवं होतं, पण ओल्या शर्टाने तसाच उभा राहिलो. काका उठले. मला वाटलं रागावले. ते कूलरकडे गेले, भांड्यांचं टेबल दोन्ही हातांनी ओढून बाजूला केलं आणि काकूंची खुर्ची हवेत आणून ठेवली. मग चाकापुढे बसले.

त्या दिवशी त्यांनी केला तो कप मी पाहिलेला आहे. ओबडधोबड, तळहातावर बसेल असा रुंद, बुडाला बोटभर माती. तो वाळला तेव्हा त्यांनी सवयीने चाकावर पालथा घातला, तासणी हातात घेतली आणि तसेच बसून राहिले. तासणी दोनदा मातीजवळ नेली, दोनदा मागे घेतली. त्यांना थांबताना मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो, आणि तुम्हाला सांगतो, सोपं नव्हतं ते. अखेर त्यांनी चाक बंद केलं आणि तासणी खिडकीत ठेवून दिली.

भाजून आल्यावर काकू तो कप पिशवीत घालून भजनी मंडळात गेल्या. मंडळात पुन्हा दोन तट पडल्याचं मी ऐकलं.

पुढच्या संक्रांतीनंतर काका गेले. सकाळी दाढी करता करता गेले. कसली तक्रार नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही, माझ्या दुकानातून एक गोळीसुद्धा त्यांनी स्वतःसाठी कधी नेली नव्हती. मी औषधवाला असून मला त्यांच्यासाठी काहीही करता आलं नाही. फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. मुलगी काकूंना अकोल्याला घेऊन गेली.

दोन महिन्यांनी मालासाठी अकोल्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. काकू वाळल्या होत्या, पण बोलणं तेच होतं. मुलीने चहा आणला. आम्हाला चिनी मातीचे कप, काकूंना तो जाडजूड. समोर काचेचं टीपॉय होतं आणि काकूंच्या बाजूला त्या काचेवर ओरखडेच ओरखडे होते. कपाचं बूड तासलेलंच नव्हतं ना, खरखरीत राहिलेलं. मुलीने कपाखाली एक विणलेला रुमाल ठेवला. काकूंनी तो उचलून बाजूला केला.

"रोज ठेवते मी, रोज काढते आई," मुलगी मला म्हणाली. "ओरखडे पडतात ते पडतात, काळजात धस्स होतं तो कप ठेवला की."

"आवाज झाला पायजे," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मंडळात धीर करून पेत होती मी, पन पेताना कोनी पाह्यलं का मले लाज वाटेच, भाऊ. म्हनून घरी हे वसरीत जाऊन बसत, माह्याकडे पाठ करून. कप ठेवल्याचा आवाज आला का समजत का झाला हिचा चहा, नाई सांडला. मंगच आत येत."

मुलीला हे माहीत नव्हतं. तिने हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला.

काकूंनी कप दोन्ही हातांत उचलला. मी आणि मुलगी, कोणी कोणाला काही न सांगता, खिडकीकडे तोंड करून बसलो. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते. आम्ही ते पाहत राहिलो. काकूंनी चहा सावकाश संपवला आणि कप काचेवर ठेवला.